तर्रीवरचे तेल मोजणारा वर्ग: नागपुरातील पोषणशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

पदवीच्या विद्यार्थ्यांना पोषणशास्त्र शिकवणे हे दिसते तितके सोपे काम नाही, कारण या विषयात आपल्याला अजून काही कळायचे राहिले आहे असे वर्गात बसलेल्या कोणालाच वाटत नसते. हिरव्या भाज्या खाव्यात, तळलेले टाळावे, दूध प्यावे, सकाळी उपाशीपोटी घराबाहेर पडू नये, हे सारे शाळेपासून कानांवर पडत आलेले असते आणि उरलीसुरली कसर मोबाइलवरील चित्रफिती भरून काढतात. अशा वर्गापुढे पुन्हा तेच सांगायला उभा राहिलेला शिक्षक पहिल्या दहा मिनिटांतच श्रोते गमावून बसतो. म्हणूनच पश्चिम नागपुरातील एका महाविद्यालयाने इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेला आहार आणि पोषण या विषयाचा ओपन इलेक्टिव्ह अभ्यासक्रम मला तपशिलाने पाहावासा वाटला, आणि विभागप्रमुखांच्या परवानगीने गेल्या सत्रात त्याच्या बहुतेक तासिकांना मी मागच्या बाकावर बसले. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. पुढे ज्या उणिवा येतील त्या काही एकाच संस्थेच्या नाहीत, आणि जे चांगले आहे ते कोणत्याही महाविद्यालयाला उचलता येण्याजोगे आहे.

अभ्यासक्रम दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासिकांचा आहे. वर्गात वाणिज्य, कला आणि संगणकशास्त्र या शाखांची मुले-मुली आहेत. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी यात नाहीत, त्यामुळे प्रथिन म्हणजे काय येथपासून सुरुवात करावी लागते. विषय आवडीने निवडणारे थोडे आणि वेळापत्रकात बसतो म्हणून घेणारे बरेच, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. त्यांतील पुष्कळ जण भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ या जिल्ह्यांतून येऊन नागपुरात खोली करून राहणारे आहेत. सकाळी चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे, म्हणजे चण्यांचा तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा ओतलेले पोहे, दुपारी मेसचा डबा आणि रात्री पुन्हा त्याच मेसचा डबा, असा त्यांचा दिवस असतो. दुपारची शेवटची तासिका या विषयाच्या वाट्याला आलेली असल्यामुळे वर्ग निम्मा पेंगुळलेला आणि निम्मा बसच्या वेळेकडे डोळे लावून बसलेला, अशा स्थितीत प्राध्यापिका शिकवायला उभ्या राहतात.

पहिले काही आठवडे निराशाजनक होते. जीवनसत्त्वांची यादी, त्यांचे स्रोत, अभावाने होणारे आजार आणि लक्षणे असा चार रकान्यांचा तक्ता पडद्यावर येई, मुले मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र घेत आणि तेथेच त्या तासिकेतला त्यांचा सहभाग संपे. स्कर्व्हीसमोर ‘क जीवनसत्त्वाचा अभाव, हिरड्यांतून रक्तस्राव’ एवढेच लिहिलेले होते. वास्तविक याच आजाराच्या निमित्ताने १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला होता, आणि ज्या दोघांना संत्री व लिंबू मिळाले ते सर्वांआधी बरे झाले. संत्र्यांच्या शहरात शिकणाऱ्या मुलांना ही हकिकत सांगितली असती, तर आहाराविषयीचे विधान खरे की खोटे हे कसे तपासतात, तुलना कशाशी करायची असते, दोन माणसांवरून किती निष्कर्ष काढता येतो, असे पुढचे सगळे प्रश्न आपोआप वर्गात आले असते. तक्त्यात त्याला जागा नव्हती. तीच गत बेरीबेरीची. हैदराबादच्या ज्या राष्ट्रीय पोषण संस्थेची पुस्तके या अभ्यासक्रमात पदोपदी वापरली जातात, तिचा उगमच १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या संशोधनासाठी मांडलेल्या एका लहानशा प्रयोगशाळेत आहे. पण वर्गात बेरीबेरी हा केवळ दोन गुणांचा प्रश्न होऊन राहिला.

मुले विषयाशी खऱ्या अर्थाने जोडली गेली ती वाटीच्या प्रात्यक्षिकापासून. आधल्या तासिकेला प्रत्येकाने मागील चोवीस तासांत काय खाल्ले हे लिहून आणले होते. आहार सर्वेक्षणाची ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे आणि तिच्यात माणसाच्या आठवणीवर व अंदाजावर किती भिस्त असते हे अभ्यासकांना ठाऊक असते. विद्यार्थ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सर्वांच्या नोंदींत ‘एक वाटी वरण’, ‘एक वाटी भाजी’ असे शब्द होते. पुढच्या वेळी येताना ज्या वाटीने जेवता तीच वाटी घेऊन या, असे मॅडमनी बजावले. टेबलावर स्टीलच्या, जर्मनच्या, काचेच्या, एक तर श्रीखंडाच्या डब्याचे झाकण म्हणावे अशी उथळ, अशा नाना तऱ्हेच्या वाट्या जमल्या. प्रत्येक वाटी काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी मोजपात्रात ओतले गेले आणि फळ्यावर आकडे चढू लागले, तेव्हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वाटीत दुपटीहून अधिक फरक निघाला. मेसच्या वाटीचा क्रमांक खालून दुसरा लागला, यावर मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांनी जो कालवा केला तो शांत व्हायला वेळ लागला. मग एका मुलाने विचारले की, मॅडम, मेसचे वरण पातळ असते, त्या वाटीत डाळ किती ते कसे कळणार? या प्रश्नाने पुढची तासिका ठरली. मेसवाल्या काकांना विचारून एका वेळच्या वरणाला किती डाळ शिजते आणि ते किती जणांना पुरते, हे मुलांनी काढून आणले व भागाकार करून एका वाटीतील कोरड्या डाळीचे वजन काढले. आकडा इतका लहान होता की मी तो वहीत दोनदा तपासून पाहिला.

या एका उदाहरणावरून अभ्यासक्रमाचे बलस्थान लक्षात यावे. विद्यार्थ्याला त्याच्याच ताटातला, त्याला आजवर ठाऊक नसलेला आकडा त्याच्याच हाताने काढायला लावला की तो उठून उभा राहतो. तेच ताट वाईट आहे असे दुसऱ्याने सांगितले की तो कान बंद करतो. प्राध्यापिकांना हे पुरते उमगलेले आहे असे त्यांच्या प्रात्यक्षिकांवरून वाटते, व्याख्यानांवरून मात्र वाटत नाही. एका व्याख्यानात त्यांनी सावजी रश्शाला सरसकट ‘अनारोग्यकारक’ ठरवले, तेव्हा मागच्या बाकांवर जी कुजबुज झाली ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी. त्या कुजबुजीत राग होता, कारण तो रस्सा ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला आहे अशी मुले वर्गात होती.

तर्रीचे प्रात्यक्षिक मात्र उत्तम झाले. महाविद्यालयाजवळच्या ठेल्यावरून एका प्लेटची गरम तर्री डब्यात आणवली होती आणि रसायनशास्त्र विभागातून न वापरलेले काचेचे एक मोजपात्र मागून घेतले होते. तर्री त्यात ओतून ते खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. सुरुवातीला सगळे एकजीव तांबूस दिसत होते. हळूहळू चणे तळाला बसले, मसाल्याचा गाळ त्यांच्यावर स्थिरावला, मध्ये गढूळ पाण्याचा थर आला आणि सर्वांत वर लालभडक, आरपार दिसणारा तेलाचा थर वेगळा झाला. बी. कॉम.च्या एका विद्यार्थिनीने गुडघ्यांवर बसून, डोळा थराच्या पातळीवर आणून आकडा वाचला. दुसऱ्याने तो मान्य केला नाही, आणि थराची वरची कड धरायची की खालची, यावर दोघांची बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी वीस मिलिलिटरवर एकमत झाले. एक मिलिलिटर तेलाचे वजन साधारण ०.९२ ग्रॅम भरते, म्हणजे हे सुमारे १८ ग्रॅम तेल. ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी धरल्या तर १६५ किलोकॅलरींच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात दृश्य, म्हणजे स्वयंपाकात वरून घातलेले, तेल-तूप २७ ग्रॅम असावे. म्हणजे पोह्यांच्या फोडणीतले तेल आणि रश्शात मिसळून गेलेले, वर न येणारे तेल बाजूला ठेवले तरी दिवसाचा दोनतृतीयांश वाटा सकाळी नऊच्या आत संपला होता. ‘मॅडम, मी त तर्री दोनदा मागून घेतो,’ असे एकाने म्हटल्यावर वर्ग हसला. ठेल्यावर जादा तर्रीचे पैसे लागत नाहीत, हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

मॅडमनी येथे जे केले ते मला विशेष आवडले. त्यांनी तर्री सोडा असे म्हटले नाही. उलट, तळाशी बसलेले चणे चमच्याने काढून त्यांचे वजन करायला लावले आणि या प्लेटमधला सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारले. कोरड्या चण्यात शंभर ग्रॅमला साधारण १९ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोहही चांगले असते. पोह्यांवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे हे लोह शरीरात अधिक शोषले जाते, तर लगोलग घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे ते कमी शोषले जाते. तेव्हा ठेलेवाल्याला ‘वरची तर्री नको, खालचे चणे द्या’ असे सांगावे, लिंबाची फोड मागून घ्यावी आणि चहा तासाभराने प्यावा, इतका साधा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या काहींनी हे करून पाहिल्याचे सांगितले. ठेलेवाल्याने काय उत्तर दिले तेही सांगितले, पण ते येथे छापण्यासारखे नाही.

लोहाचा विषय याच ओघात पुढे गेला हे बरे झाले, कारण या वयाच्या मुलींच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. हे आकडे फळ्यावर आल्यावर एका मुलीने आपण पोहे रोज खातो म्हणजे लोहाची काळजी नाही, असे आत्मविश्वासाने सांगितले, आणि त्यातून सबंध सत्रातली एक अत्यंत मोलाची चर्चा घडली. ग्रंथालयातील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले आहे. याच संस्थेच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ते साडेचार मिलिग्रॅमच्या घरात आहे. दोन्ही पुस्तके शेजारी-शेजारी उघडून ठेवली तेव्हा मुले बुचकळ्यात पडली. मग खरे कोणते? पोहे कुटण्याची लोखंडी यंत्रे, धान्यावरील माती, नमुने कोठून व किती गोळा केले, प्रयोगशाळेतील मोजण्याची पद्धत, अशी कारणे एकेक करून निघाली. छापील आकडासुद्धा कोणीतरी, कोठेतरी, कशाने तरी मोजलेला असतो, ही जाणीव पदवीच्या दुसऱ्या वर्षात होणे ही लहान गोष्ट नाही. माझ्याकडे येणारे सुशिक्षित रुग्णदेखील मोबाइलवरील ॲपने दाखवलेला आकडा ब्रह्मवाक्य समजतात, त्यामुळे हा तास मी अधिक कौतुकाने ऐकला असेन.

नव्या तक्त्यांविषयी एक तक्रार विद्यार्थ्यांच्या वतीने नोंदवली पाहिजे. त्यांत ५२८ पदार्थांची माहिती आहे आणि ती अतिशय काळजीपूर्वक केलेली आहे, परंतु ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असल्यामुळे प्रत्येक वेळी ४.१८४ ने भागून किलोकॅलरी काढाव्या लागतात. संगणकशास्त्राच्या मुलांनी एका दुपारीच त्याची स्प्रेडशीट करून टाकली आणि ती सर्वांना वाटली. वाणिज्य शाखेच्या मुलांनी तिच्यात किमतीचा रकाना वाढवला. हा उद्योग कोणी सांगितला नव्हता. तो अंतर्गत गुणांत धरला गेला नाही, याचे मला वाईट वाटले.

किमतीच्या त्या रकान्यामुळे पुढचा गृहपाठ रंगला. मार्गदर्शक सूचनांतील दिवसभराचे ताट असे आहे: ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्ये व भरडधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही. हे शंभर रुपयांत बसवून दाखवा, असे आव्हान चार-चार जणांच्या गटांना दिले गेले आणि भाव मात्र प्रत्यक्ष बाजारात जाऊन आणायचे होते. काही गट गोकुळपेठेत गेले, काही भल्या पहाटे कॉटन मार्केटमध्ये. एकाच दिवशीच्या एकाच भाजीच्या भावात इतके अंतर असू शकते हे त्यांना नवीन होते. शेंगदाणे आणि जवस यांनी दाण्यांचा वाटा स्वस्तात भागतो, हे जवळपास सर्वच गटांच्या ध्यानात आले; जवसाची चटणी विदर्भात घरोघरी असते, तरी ती आपण चव म्हणून खातो, आहाराचा भाग म्हणून तिच्याकडे पाहत नाही. अडचण आली ती भाज्या आणि दूध यांच्यापाशी. खोलीवर राहणाऱ्या मुलाला चारशे ग्रॅम भाजी रोज मिळणे आजच्या मेसच्या दरांत शक्य नाही, असे एका गटाने हिशेबानिशी मांडले. त्यावर मॅडमनी ताट थोडे सैल केले असते तरी चालले असते. त्यांनी तसे केले नाही, पण हिशेब खोटा असल्याचेही म्हटले नाही. वजने कच्च्या धान्याची आहेत, शिजवलेल्या अन्नाची नव्हेत, हा खुलासा मात्र त्यांनी गृहपाठ देतानाच करायला हवा होता. ८५ ग्रॅम शिजलेली डाळ धरून दोन गटांनी सगळा हिशेब केला आणि त्यांना तो पुन्हा मांडावा लागला.

सर्वांत गाजली ती लाखोळी डाळीवरची चर्चा. पूर्व विदर्भात धान निघण्याच्या सुमारास त्याच बांधीत लाखोळी पेरण्याची रीत आहे. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि जेथे दुसरे पीक उभे राहत नाही तेथे ती येते. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचे चेतासंस्थेला अपाय करणारे द्रव्य असते. दुष्काळात गरिबांच्या पोटात दुसरे काही न जाता सलग काही महिने हीच डाळ मोठ्या प्रमाणात गेली, तेव्हा पाय लुळे पाडणारा लॅथिरिझम हा आजार देशाच्या अनेक भागांत पाहायला मिळाला. १९६१ साली केंद्राच्या नियमांनी तिच्या विक्रीवर बंदी आली, पण पूर्व विदर्भात तिची लागवड आणि तिचे खाणे थांबले नाही. ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला आणि महाराष्ट्राने पुढे आपल्यापुरती बंदी मागे घेतली. ही पार्श्वभूमी वर्गाला पानभर टिपणातून आधीच दिलेली होती, आणि बंदीच्या बाजूने व विरोधात असे दोन गट पाडले होते.

चर्चा सुरू होताच गोंदिया जिल्ह्यातला, एरवी तोंड न उघडणारा एक विद्यार्थी उभा राहिला. ‘आमच्याकडे दर हिवाळ्यात लाखोळीची भाजी होते, डाळ होते, वडे होतेत. आजोबा पंच्याऐंशीचे आहेत, अजून शेतात जातेत. कोणाले काही झालं नाही,’ असे त्याने सांगितले. समोरच्या गटातील मुलीने त्याला अदबीने पण नेमके विचारले की, तुमच्या घरी तिच्यासोबत भात, तूर, भाजी असतेच ना? ज्यांच्याकडे फक्त लाखोळीच होती त्यांचे काय? येथून पुढे वाद माणूस किती खातो, किती दिवस खातो, सोबत काय खातो आणि कसे शिजवतो या मुद्द्यांवर सरकला. भिजवून, उकळून, वरचे पाणी फेकून दिले तर ओडॅप बऱ्याच अंशी कमी होते. रतन, प्रतीक यांसारख्या वाणांत मुळातच ते कमी असते. परंतु बेसनात भेसळ होऊन ती नकळत पोटात गेली तर खाणाऱ्याला निवडीचा अधिकारच राहत नाही, हे सगळे मुलांच्याच तोंडून आले. मात्रा हा शब्द न उच्चारता मात्रेचा संपूर्ण धडा झाला. तासिका संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही, आणि बस चुकल्याची तक्रारही दुसऱ्या दिवशी कोणी केली नाही.

याच धर्तीवर मिठाचा विषय घ्यावा, असे मी मॅडमना सुचवले आहे. आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवरील बंदीला कोठारी यांच्याच संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २०११ साली न्यायालयाने तो नियम कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बाहेरचा ठरवला, परंतु सरकारला विचार करायला सवड मिळावी म्हणून तो सहा महिने चालू ठेवला, आणि अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांत ही तरतूद पुढेही राहिली. गलगंड टाळण्यासाठी सर्वांच्याच मिठात आयोडीन असावे की ज्याने त्याने ठरवावे, हा प्रश्न वाणिज्य आणि राज्यशास्त्राच्या मुलांना जितका भिडेल तितका जीवनसत्त्वांचा तक्ता कधीच भिडणार नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्यांविषयी. वजन-उंचीच्या प्रात्यक्षिकात एक जण काट्यावर उभा राहतो, दुसरा वजन मोठ्याने वाचतो आणि तिसरा फळ्यावर लिहितो, ही पद्धत तत्काळ बंद झाली पाहिजे. दोन मुली त्या दिवशी आल्याच नाहीत आणि एक आलेली मुलगी पोट दुखते म्हणून बाहेर गेली. कारण विचारायची गरज नव्हती. याच अभ्यासक्रमात हिमोग्लोबिन तपासणीचे अहवाल बंद पाकिटात दिले गेले, म्हणजे खासगीपणा सांभाळायचा कसा हे विभागाला कळत नाही असे नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना रक्ताइतकेच वजनही खासगी वाटते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

दुसरी गोष्ट एका पाहुण्या वक्त्याची. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांचा सहभाग वाढावा म्हणून बोलावलेल्या या गृहस्थांनी अर्धा वेळ प्रथिनांच्या पावडरीच्या गुणवर्णनात घालवला आणि जाताना सवलतीचे कूपन वाटले. मुले त्या तासिकेत अगदी एकाग्र होती, हे खरे. पण एकाग्रता हे एकच माप धरले तर जादूगारालाही व्याख्यानाला बोलवावे लागेल. दररोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस धरली तर साठ किलोच्या तरुणाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, आणि शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असे २०२४ च्या त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. मॅडमनी पुढच्या तासिकेला हा हिशेब मांडून नुकसान बरेचसे भरून काढले, तरी असे पाहुणे दारातूनच परत पाठवलेले बरे.

भाषेची अडचण सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. पडद्यावरची प्रत्येक ओळ इंग्रजीत, चर्चा मराठीत आणि हिंदीत, व परीक्षेचे उत्तर ज्याला जमेल त्या भाषेत, असा प्रकार आहे. मराठी माध्यमातून आलेली मुले प्रात्यक्षिकात पुढे असतात आणि टिपणे वाचायची वेळ आली की मागे पडतात. दोन पानांची मराठी शब्दसूची आणि प्रत्येक घटकाचे पानभर मराठी टिपण, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. लाखोळीचे टिपण मराठीत होते आणि त्याचा परिणाम सर्वांनी पाहिला.

सर्वांत मोठा दोष मूल्यमापनाचा. वाट्या मोजणे, तर्रीचा थर वाचणे, बाजारभाव आणणे, लाखोळीवर वाद घालणे, या सगळ्याला मिळून जे गुण आहेत त्यांहून कितीतरी अधिक गुण लेखी परीक्षेला आहेत, आणि लेखी परीक्षेत ‘अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे परिणाम लिहा’, ‘संतुलित आहाराची व्याख्या द्या’ असेच प्रश्न आले. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हीच मुले त्या चार रकान्यांच्या तक्त्याची छायाचित्रे एकमेकांना पाठवताना दिसली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्नपत्रिकेत एका मेसचा आठवड्याचा तक्ता देऊन त्यात लोह कोठे कमी पडते आणि पंधरा रुपये वाढवून काय बदलता येईल, असे विचारता आले असते. तीस तासिकांपैकी प्रात्यक्षिकांना आज निम्म्याहून कमी वेळ मिळतो, तोही वाढवायला हवा; जीवनसत्त्वांचा तक्ता छापून हाती दिला तर तेवढ्या तासिका सहज मोकळ्या होतील.

एवढे असूनही नागपुरातील ज्या विद्यार्थ्याला ओपन इलेक्टिव्ह निवडायचा आहे आणि ज्याच्या महाविद्यालयात या तऱ्हेने पोषणशास्त्र शिकवले जाते, त्याने तो अवश्य घ्यावा असे माझे मत आहे. आकडेमोडीचे भय असलेल्यांनी बिचकू नये, कारण गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. साहित्यासाठी घेतले जाणारे शुल्क नाममात्र आहे. आठवड्यात वजन उतरवणारा आहार शिकायला मिळेल या अपेक्षेने येणाऱ्यांची निराशा होईल, आणि ती व्हावी हेच योग्य. हा अभ्यासक्रम दोन्ही सत्रांत चालतो. निवड हाती असेल तर हिवाळ्यात सुरू होणारे सत्र घ्यावे, कारण त्या दिवसांत बाजारात आंबिया बहाराची संत्री, हिरव्या पालेभाज्या आणि लाखोळीची कोवळी भाजी असते, आणि बाजारभावाचा गृहपाठ पावसाळी सत्रापेक्षा पुष्कळ स्वस्तात सुटतो.